खिडकीशेजारी बसवूनही डोळ्यांखाली काळं का येतं?

"खिडकीजवळच बसवलं होतं. दिवेही सगळे लावले होते. तरी आईच्या डोळ्यांखाली काळं आलंय. ती एवढी थकलेली दिसत नाही हो प्रत्यक्षात." घरच्या घरी पोर्ट्रेट काढणाऱ्यांची ही तक्रार बारमाही आहे. गौरी-गणपतीत नऊवारी नेसलेली आजी असो, बायोडेटासाठी मुलीचा फोटो असो, की बाबांची पंचाहत्तरी असो. फोन नवा, कॅमेरा चांगला आणि चेहरा मात्र काळवंडलेला. मग अॅपमध्ये तो उजळ करायचा, त्याने कातडी मेणासारखी दिसायला लागली की अॅपला नावं ठेवायची आणि पुढच्या वेळेसाठी ऑनलाइन एक गोल एलईडी रिंग मागवायची.

दिवा मागवू नका. या दुखण्यात उजेड कमी पडलेला क्वचितच असतो. तो चुकीच्या उंचीवरून येत असतो आणि त्यात आणखी एक-दोन उजेड मिसळलेले असतात. आधी दिवे बंद करायचे आणि मग माणसाला हलवायचं, एवढाच बहुतेक वेळा उपाय असतो. खर्च झालाच तर एका पांढऱ्या पुठ्ठ्याचा.

आधी बिघडलेला फोटो तपासा

फोटो उघडा आणि बुबुळं स्पष्ट दिसेपर्यंत मोठा करा. त्या वेळी खोलीत काय चाललं होतं ते तिथे छापलेलं असतं. खिडकीचं प्रतिबिंब चौकोनी दिसतं, ट्यूबची बारीक आडवी रेघ, फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांचे ठिपके. किती आहेत ते मोजा आणि बुबुळाला घड्याळाची तबकडी समजून ते कुठे आहेत ते पाहा. चौकोन एकच आणि तो दहाच्या किंवा दोनच्या जागी असेल, तर उजेड ठीक होता, गडबड दुसरीकडे आहे. चमक बाराच्या जागी, पापणीखाली अर्धी दडलेली असेल, तर उजेड डोक्यावरून पडतोय. चमकच नसेल, डोळे काळ्या खड्ड्यांसारखे असतील, तर डोळ्यांपर्यंत उजेड पोचलेलाच नाही. मग चेहरा अॅपमध्ये कितीही उजळा, डोळे मेलेलेच राहणार. एका डोळ्यात चमक आणि दुसऱ्यात नाही, हा वेगळा आजार. त्याकडे नंतर येऊ.

ही तपासणी करायला एक मिनिट लागत नाही, आणि ती न करता "खिडकीच्या आणखी जवळ बसवा" असा सल्ला देणाऱ्यांपासून जरा जपून राहा. जवळ बसवल्याने हे दुखणं बऱ्याचदा वाढतं. ते कसं, ते पुढे.

उजेड डोक्यावरून येतोय

कपाळाचं हाड आणि भुवई मिळून डोळ्यांवर एक छज्जाच असतो. उजेड साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त वरून यायला लागला की त्या छज्जाची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते, नाकाची सावली ओठावर उतरते आणि हनुवटीखाली दाढीसारखा पट्टा उमटतो. वय झालेल्या माणसांच्या खोबणी खोल असतात, म्हणून आजी-आजोबांच्या फोटोत हे जास्त बोचतं. लहान मुलांचे चेहरे भरलेले असतात, त्यांना त्याच जागी त्याच उजेडात काही होत नाही. "नातवाचा छान आला, आजोबांचाच बिघडला" याचं कारण हे.

पहिला संशयित अर्थातच छताचे दिवे. नव्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग आणि त्यात खोचलेले छोटे एलईडी ही फॅशन झाली आहे. हॉल दिसायला झकास, पण त्याखाली बसलेला माणूस पोलीस चौकशीला आणल्यासारखा दिसतो. भर दुपारी खिडकीपासून दोन-तीन फुटांवर या दिव्यांचा तसा फार प्रभाव नसतो, खिडकी त्यांना खाऊन टाकते. पण माणूस सहा-सात फूट आत बसला असेल, संध्याकाळ असेल किंवा नाशकातला जुलै महिना असेल, तर दिवे खिडकीच्या बरोबरीला येतात आणि वरून सावल्या पाडायला लागतात. सगळे बंद करा. खोली अंधारी वाटेल, घरातलं कुणीतरी उठून पुन्हा बटण दाबेल, "अहो, असा अंधारात काय फोटो काढता?" म्हणेल. दाबू देऊ नका. कॅमेऱ्याला खोली काढायची नाहीये, चेहरा काढायचा आहे.

दुसरा संशयित बसण्याची उंची, आणि हा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे खिडकीची कट्ट्याची बाजू जमिनीपासून साधारण ३ फुटांवर आणि वरची कड ७ फुटांवर असते. म्हणजे खिडकीचा मध्य ५ फुटांवर. आजी चटईवर किंवा पाटावर बसल्या तर त्यांचे डोळे जेमतेम अडीच फुटांवर येतात. खिडकीपासून २ फुटांवर बसवलं, तर खिडकीचा मध्य त्यांच्या नजरेच्या सुमारे ५० अंश वर येतो. म्हणजे खिडकी समोर असूनही उजेड माथ्यावरूनच पडतोय. त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं की डोळे ४ फुटांच्या आसपास येतात आणि तोच कोन २५-३० अंशांवर उतरतो. फक्त खुर्ची. गुडघ्यांमुळे किंवा पूजेमुळे खालीच बसायचं असेल, तर त्यांना खिडकीपासून ४-५ फूट मागे घ्या. कोन तिशीच्या आसपास येतो. याची किंमत अशी की मागे गेल्यावर उजेड कमी होतो आणि चेहऱ्याच्या दृष्टीने खिडकी लहान झाल्यामुळे सावलीच्या कडा जरा कडक होतात. तरी खोबणीतल्या काळोखापेक्षा ते बरं.

तिसरा संशयित समोरची इमारत. नाशकात इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको या भागात दोन इमारतींमध्ये हात लांबवला तर पोचेल एवढंच अंतर असतं, निदान वाटतं तरी तसं. अशा खिडकीतून खालच्या बहुतेक भागात शेजाऱ्यांची भिंत दिसते आणि आकाशाची एक पट्टी फक्त वर. उजेड देणारं आकाश तेवढंच. खिडकी चार फुटी असली तरी कामाचा उजेड तिच्या वरच्या फूटभरातूनच येतो, तोही तिरका खाली. खुर्ची असूनही काळं येतंय, दिवे बंद असूनही येतंय, तर स्वतः त्या खुर्चीवर बसा, डोळे जिथे असणार तिथे मान ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. आकाश दिसतंय का? किती, आणि कुठे? समोरची भिंत पांढरी असेल आणि तिच्यावर ऊन पडलं असेल तर मात्र चैन आहे. ती भिंतच तुमचा दिवा होते, आणि तो अगदी बरोबर उंचीवर असतो. ती किती वाजता उजळते हे एकदा पाहून ठेवा आणि फोटो त्याच वेळी काढा. वरच्या मजल्यावर ओळखीचं घर असेल तर चहाच्या निमित्ताने तिकडे जाणं हाही तोडगा आहे, हसण्यावारी नेऊ नका.

जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्यांना किंवा तिथे हौसेने फोटो काढायला जाणाऱ्यांना याचीच दुसरी तऱ्हा भेटते. चौकात उजेड भरपूर, म्हणून माणसाला चौकाच्या मधोमध उभं करतात. चौक वरून उघडा आणि चारही बाजूंनी बंद, म्हणजे विहिरीच्या तळाशी उभं केल्यासारखं. सगळा उजेड टाळूवर. तिथून तीन-चार पावलं ओसरीत या, खांबांच्या आत, आणि तोंड चौकाकडे करा. आता डोक्यावर छप्पर आहे, वरचा उजेड कापला गेला आणि उरला तो समोरून तिरपा येणारा. मागचं लाकूडकाम आपोआप काळोखात जातं आणि चेहरा पुढे येतो. घरच्या पोर्ट्रेटसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. फ्लॅटवाल्यांना हेच बाल्कनीच्या दारात करता येतं: बाल्कनीत उभं न राहता दाराच्या उंबऱ्याच्या फूटभर आत.

माणसाला हलवण्याआधी एक सोपी परीक्षा. त्याचा चेहरा जिथे येणार तिथे तुमची मूठ धरा, अंगठ्याची बाजू तुमच्याकडे, आणि ती हळूहळू फिरवा, वर-खाली करा. बोटांच्या पेरांमधल्या खाचा म्हणजे डोळ्यांच्या खोबणी. कुठल्या जागी त्या खाचांत उजेड शिरतो ते लगेच दिसतं, आणि आजींना उठ-बस करायला लावावं लागत नाही.

एका डोळ्यात चमक, दुसऱ्यात नाही

हा दुसरा आजार. खिडकी माणसाच्या अगदी कुशीला आहे, नाक खिडकीला समांतर, त्यामुळे अर्धा चेहरा झगझगीत आणि अर्धा गायब. नाट्यपूर्ण फोटो हवा असेल तर हे ठीक, बायोडेटाला नको. इथे आधी पुठ्ठा शोधू नका. त्यांना नाक हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा आणि दूरच्या डोळ्याकडे पाहत राहा. ज्या क्षणी त्या डोळ्यात चमक येते तिथे थांबवा. त्या वेळी दूरच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटलेला दिसेल. चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने फोटोग्राफीत ओळखला जातो तो हाच. आणखी वळवलं तर त्रिकोण मोठा होत होत सगळा गाल उजळतो. गोल चेहऱ्याला त्रिकोणावर थांबणं शोभतं. फार बारीक, गाल बसलेल्या चेहऱ्याला थोडं पुढे न्यावं.

नथ असेल तर एक काळजी घ्या. नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि लहान फोटोत ती मिशीसारखी दिसते. नथ खिडकीच्या बाजूला येईल असं बसवलं तर मोती चमकतात, पण सावली ओठावर येते. पलीकडच्या बाजूला आली तर सावली गालावर जाते आणि हरवते. नथ डाव्या नाकपुडीत घालायची प्रथा आहे, त्यामुळे खिडकी त्यांच्या उजव्या हाताला येईल असं पाहणं सोयीचं. अर्थात मोत्यांसाठीच फोटो असेल तर उलट करा आणि हनुवटी किंचित वर घ्या.

एवढं करूनही सावलीची बाजू जास्त काळी वाटली तरच परावर्तक, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारं पांढरं काहीतरी. पूर्वी थर्माकोलची शीट कुठल्याही स्टेशनरी दुकानातून आणायचो; २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर सजावटीच्या शीट तशा मिळत नाहीत. नाशकात मेन रोडला किंवा शालिमारला पांढरा कार्डशीट मिळतो, दोन एकावर एक चिकटवले की ताठ राहतात. नवा टीव्ही घरी आला असेल तर त्याच्या खोक्याला आतून पांढरा कागद लावा. चांदीसारखा चकचकीत गोल रिफ्लेक्टर घरात वापरू नये असं माझं मत आहे. तो उजेड परतवतो कमी आणि फेकतो जास्त. सावलीच्या बाजूला दुसरा सूर्य उगवतो आणि नाकाला दोन्हीकडून सावल्या पडतात.

पुठ्ठा कुठे धरायचा हे आजारावर अवलंबून आहे. अर्धा चेहरा काळा असेल तर तो खिडकीच्या समोर, माणसाच्या दुसऱ्या बाजूला, गालापासून दीड-दोन फुटांवर. डोळ्यांच्या खोबणी काळ्या असतील तर तो बाजूला धरून काही होणार नाही. तो खाली हवा, मांडीवर किंवा समोरच्या टीपॉयवर आडवा, खिडकीकडे किंचित झुकलेला. कार्डशीट नसेल तर मांडीवर धुतलेली पांढरी चादर पसरा, फोटोच्या चौकटीबाहेर राहील इतपत. नऊवारीवाल्या आजींना हे फार आवडत नाही, साडी झाकली जाते म्हणून. मग चादर पायांपुढे जमिनीवर. पुठ्ठा पुढे-मागे करून सावली किती ठेवायची ते ठरवा आणि ती थोडी राहू द्या. दोन्ही गाल सारखे उजळले की पोर्ट्रेटचा आधारकार्ड होतो.

चेहरा काळा, खिडकी पांढरी

इथे उजेडाचा दोष नाही, मोजमापाचा आहे. माणसाची पाठ खिडकीला किंवा मागची भिंत पांढरीशुभ्र; कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी काढतो, पांढऱ्याला घाबरून सगळंच अंधारं करतो. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह वर-खाली करून ठरवा. कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरतं उजेडाचं मोजमाप) करून गालावर मोजा किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट होईल इतकं, वाढवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे माणसाची दिशा बदला.

पांढरी टोपी आणि पांढरा शर्ट घातलेले आजोबा हा नाशिक जिल्ह्यातला नेहमीचा विषय आहे. निफाड-दिंडोरीकडून द्राक्षबागेतून आलेले, उन्हाने रापलेला चेहरा आणि वर कडक इस्त्रीची टोपी. चेहरा बरोबर केला तर टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरीफट्ट येते, टोपी वाचवली तर चेहरा काळा. इथे टोपीला खिडकीपासून थोडं दूर नेणं हा उपाय: त्यांना किंचित पुढे झुकायला सांगू नका, उलट पाठ टेकून बसू द्या आणि खिडकीच्या वरच्या भागावर पडदा ओढा म्हणजे माथ्यावर पडणारा उजेड कमी होईल. चेहऱ्यावर मोजून मग एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉप खाली घ्या. आणि रापलेला चेहरा रापलेलाच ठेवा. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चमकेच्या वळणांत असतं. एक्स्पोजर वाढवून ती राखाडी करण्यापेक्षा उजेडाचा स्रोत मोठा करा, म्हणजे कपाळावरचा आणि गालफडांवरचा प्रकाश मऊ पसरतो.

थेट ऊन आलं तर

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि घरातल्या उन्हाचं सगळं गणित त्यावर चालतं. डिसेंबरच्या अखेरीस भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आतच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात शिरतं: खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल आणि छज्जा नसेल तर जमिनीवर सुमारे साडेसहा फुटांपर्यंत, २ फुटी छज्जा असेल तर साडेचारपर्यंत. उन्हाळ्यात हीच खिडकी एकदम निर्धोक होते, कारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. आपली खरी माध्यान्ह बाराला होत नाही हेही लक्षात ठेवा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३.८ वर, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला सरासरी १२:३५ होतात. म्हणजे सकाळचा तिरपा उजेड घड्याळात वाटतो त्यापेक्षा जरा उशिरापर्यंत टिकतो. पूर्वेच्या खिडकीवाल्यांना दहा-साडेदहापर्यंत सवड आहे.

थेट उन्हाचा कवडसा चेहऱ्यावर पडला तर सावल्या सुरीने कापल्यासारख्या येतात, आणि खिडकीला ग्रील असेल तर नक्षीसकट. ग्रीलची सावली मुद्दाम हवी असेल तर ती डोळ्यावरून जाणार नाही एवढं पाहा. नको असेल तर खिडकी आणि माणूस यांच्यामध्ये पांढरं पातळ कापड बांधा: धोतर, मलमलची ओढणी, जुनी पांढरी चादर विरलेली असेल तर उत्तम. कापड काचेला चिकटवू नका, ग्रीलपासून फूटभर आत सोडा. नाहीतर ग्रीलची सावली कापडावर स्पष्ट उमटते आणि तिथून चेहऱ्यावर येते. कापड खरोखर पांढरं हवं. क्रीम रंगाच्या पडद्याने सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. दिवाळीनंतरच्या स्वच्छ, कोरड्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत असं धोतर बांधलं की मिळणारा उजेड कुठल्याही स्टुडिओतल्या सॉफ्टबॉक्सच्या (दिव्यापुढे पांढरं कापड लावलेल्या पेटीच्या) तोडीचा असतो. दिव्यांशिवाय काम होत नाही म्हणणाऱ्यांना पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक दाखवावं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, सिनेमाआधी काही काळ फोटोग्राफीही करत होते, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर त्यांनी आपलं बस्तान नाशकात हलवलं. त्या काळी सिनेमा प्रामुख्याने सूर्याच्याच उजेडात चित्रित व्हायचा.

उत्तरेची खिडकी असेल तर हे काहीच करावं लागत नाही. हिवाळ्यात तिथे ऊन येतच नाही. पावसाळ्यात सगळ्याच खिडक्या उत्तरेच्या होतात म्हणा ना. ढगाळ आकाशाचा उजेड मऊ असतो, पण तो जास्त करून वरून येतो, त्यामुळे डोळ्यांखालच्या काळ्याची तक्रार जून ते सप्टेंबर वाढते. तेव्हा मांडीवरचा पुठ्ठा काढूच नका.

सावलीच नाही, चेहरा पापडासारखा सपाट

चारही भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, दोन बाजूंना खिडक्या. उजेड सगळीकडून परततो. नवीन रंगवलेल्या फ्लॅटमध्ये हे होतं आणि लोक त्याला "छान उजेड" म्हणतात. इथे एका खिडकीचा पडदा ओढा आणि सावलीच्या बाजूला, गालापासून दोनेक फुटांवर, काळं काहीतरी उभं करा: काळी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून, घोंगडी, नाहीतर बंद केलेली मोठी काळी बॅग. गालाचं हाड, नाकाची रेघ, जबड्याची कड लगेच उठून येते. फोनवाल्यांनी याशिवाय शक्य असेल तर एचडीआर (सावल्या आपोआप उजळणारी सोय) आणि ब्युटी (कातडी गुळगुळीत करणारी) दोन्ही बंद करावं. फोनला सावली म्हणजे चूक वाटते. तो ती न विचारता उचलून टाकतो आणि तुम्ही अर्धा तास बसून केलेली रचना एका सेकंदात पुसतो. फोटो काढताना स्क्रीनवर ठीक दिसतो आणि गॅलरीत गेल्यावर सपाट होतो, तर हेच कारण.

किरकोळ दुखणी

एक गाल पिवळा, एक निळसर: खिडकीचा उजेड आणि पिवळसर (वॉर्म, ३००० केल्विनचा) दिवा एकत्र आलाय. व्हाइट बॅलन्सने (रंग सुधारायच्या सेटिंगने) दोन्ही गाल एकदम बरे होत नाहीत, दिवा बंद करा. हनुवटी हिरवट किंवा गुलाबी दिसत असेल तर भिंतीच्या ऑइलपेंटचा किंवा समोरच्या गादीचा रंग उडतोय. मध्ये पांढरी चादर आणा. निळ्या किंवा तपकिरी रिफ्लेक्टिव्ह काचेच्या स्लायडिंग खिडक्या असतील तर काच आणि डासांची जाळी दोन्ही सरकवा, फोटो होईपर्यंत डास चालतील.

रात्री एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात ते विजेमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. चष्म्यात खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, काच थोडी खाली झुकते आणि प्रतिबिंब निघून जातं. आणि तुम्ही स्वतः खिडकी अडवून उभे नाही ना, हे पाहा. हसू नका, जाड माणूस मधे आला की पूर्ण एक स्टॉप जातो.

माणूस हलूच शकत नसेल तर

सगळ्यात अवघड प्रसंग हाच. अंथरुणाला खिळलेली आजी, पलंग खिडकीखाली भिंतीला टेकवलेला, डोकं खिडकीकडे. उजेड कपाळावरून खाली घरंगळतो आणि डोळे बुडतात. पलंग फिरवता येत नाही, मान फारशी उचलता येत नाही. अशा वेळी खिडकी बदलायची. डोक्यामागची खिडकी जाड चादरीने पूर्ण झाका. खोलीत दुसरी खिडकी किंवा दार असेल, अगदी पायाकडचं का असेना, ते सताड उघडा. पलीकडच्या खोलीची खिडकीसुद्धा उघडा आणि मधल्या दारातून उजेड येऊ द्या. तोही नसेल, तर डोक्यामागची खिडकी उघडीच ठेवा, तिच्या समोरच्या भिंतीवर पांढरी चादर जेवढी मोठी मिळेल तेवढी ताणून बांधा, आणि खिडकीतून येणारा उजेड त्या चादरीवर पडू द्या. थेट चेहऱ्यावर पडणारा भाग अडवायला खिडकीचा खालचा भाग उशीने किंवा गुंडाळलेल्या गोधडीने झाका. समोरची चादर मंद उजळते आणि तो उजेड पायांकडून चेहऱ्यावर येतो. उशी शक्य तेवढी उंच करा, दोन बोटांनीसुद्धा फरक पडतो.

उजेड कमी असेल. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० ला न्या, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका कारण आजारी माणसाचा हात-मान नकळत हलते. फोटोत दाणे येतील. ८ × १२ इंचांच्या छापील प्रतीत ते फारसे जाणवत नाहीत. दाणे घालवायला अॅपमधलं स्मूदिंग लावलं तर सुरकुत्या जातात. फोटो काढण्याआधी अंगावरची रंगीत चादर बदलून पांढरी घाला, हनुवटीखालचा काळा पट्टा तिनेच निम्मा कमी होतो.